पॉवर बीआय: चार्टसाठी घेऊ नका, चार्टच्या आधीच्या कामासाठी घ्या

सरळ सांगते, झकास चार्ट काढता यावेत एवढ्यासाठीच पॉवर बीआय (मायक्रोसॉफ्टचं रिपोर्ट बनवायचं सॉफ्टवेअर) शिकायला घेत असाल तर राहू द्या. चार्टच्या बाबतीत ते ठीकठाक आहे, वाईट नाही, पण जीव टाकावा असंही काही नाही. ते घ्यायचं ते चार्टच्या आधीच्या कामासाठी, म्हणजे दर महिन्याला येणाऱ्या त्या वेड्यावाकड्या फाइली सरळ करणं, चार ठिकाणचे आकडे एकमेकांना जोडणं आणि "मार्जिन" म्हणजे नक्की काय हे एकदाच एका जागी लिहून ठेवणं. हे काम ते इतकं छान करतं की बाकीच्या कटकटी मी सहन करते, आणि कटकटी आहेत बरं का, त्याही खाली सांगतेच.

थोडं मागचं सांगितलं तर पुढचं बरंच कळेल. पॉवर बीआय २०१५ च्या जुलैमध्ये सगळ्यांसाठी खुलं झालं पण त्याचे सुटे भाग आधीच एक्सेलमध्ये आलेले होते. टेबलं जोडून हिशेब करणारं पॉवर पिव्हट २०१० च्या एक्सेलबरोबर आलं, डेटा साफ करणारं पॉवर क्वेरी २०१३ मध्ये ॲड-इन म्हणून आलं, आणि हे दोन्ही उचलून त्यावर चार्टचा कॅनव्हास टाकला की झालं पॉवर बीआय डेस्कटॉप. त्यामुळे एक्सेलवाल्या माणसाला ते ओळखीचं वाटतं आणि पहिल्याच आठवड्यात फसवतंही, कारण दिसायला एक्सेलचा भाऊ असला तरी आत सेल नावाची गोष्टच नाहीये. बी७ मध्ये जाऊन आकडा हाताने दुरुस्त करायची सवय असेल तर ती सोडावी लागते, इथे जे काही करायचं ते अख्ख्या कॉलमला.

आता पॉवर क्वेरी. माझ्या मते अख्ख्या पॅकेजमधली सगळ्यात भारी गोष्ट हीच, आणि डेमो देणारे लोक नेमकी हीच दोन मिनिटांत उरकतात. समजा सेल्सवाल्यांकडून येणारी शीट अशी आहे: डावीकडे प्रॉडक्ट, मग रीजन, आणि मग जानेवारी, फेब्रुवारी, मार्च असे महिने आडवे पसरलेले. माणसाला वाचायला छान, पण रिपोर्टसाठी एकदम निरुपयोगी, कारण महिना हा एक कॉलम असायला हवा, बारा नाही. पॉवर क्वेरीमध्ये प्रॉडक्ट आणि रीजन हे दोन कॉलम सिलेक्ट करायचे, राइट क्लिक, अनपिव्हट अदर कॉलम्स. बस. महिने उभे होतात, एका कॉलममध्ये महिन्याचं नाव, दुसऱ्यात आकडा. इथे "अदर" वालंच निवडायचं हे महत्त्वाचं, कारण मग पुढच्या महिन्याचा कॉलम शीटमध्ये वाढला की तोही आपोआप उभा होतो, तुम्हाला काही करावं लागत नाही. महिन्यांचे कॉलम सिलेक्ट करून साधं अनपिव्हट केलं तरी ते हेच लिहितं, पण ओन्ली सिलेक्टेडवालं दाबलंत तर नावं पक्की होऊन बसतात आणि नवा महिना बाहेरच राहतो.

आणि इथेच एक खोडी आहे जी कुठल्याच बिगिनर ट्युटोरियलमध्ये नसते. सोर्स जर सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामाने कॉलम वेगळे केलेली साधी टेक्स्ट फाइल) असेल तर पॉवर क्वेरी पहिल्याच स्टेपमध्ये कॉलम किती आहेत तो आकडा लिहून टाकते. म्हणजे आज पाच कॉलम असतील तर फॉर्म्युला बारमध्ये कॉलम्स बरोबर पाच असं दिसतं, आणि पुढच्या महिन्यात सहावा आला की तो गुपचूप गळतो, एरर नाही, वॉर्निंग नाही, काही नाही. रिफ्रेश हिरवं, आकडा चुकीचा. उपाय सोपा, सोर्स स्टेपवर क्लिक करून फॉर्म्युलातला तेवढा भाग पुसून टाकायचा. तसंच पॉवर क्वेरी आपणहून जी चेंज्ड टाइपची स्टेप टाकते, म्हणजे कुठला कॉलम तारीख, कुठला आकडा हे ठरवणारी, तिच्यात प्रत्येक कॉलमचं नाव लिहिलेलं असतं, त्यामुळे समोरच्याने हेडिंगमध्ये एक स्पेस जरी जास्त टाकली तरी रिफ्रेश बोंबलतो आणि कॉलम सापडला नाही म्हणून सांगतो. मी ती स्टेप सुरुवातीलाच उडवते आणि सगळी साफसफाई झाल्यावर शेवटी एकदाच टाइप देते.

तारखांचं पण बघा. ०३/०४ म्हणजे तीन एप्रिल की चार मार्च हे सॉफ्टवेअर तुमच्या सेटिंगवरून ठरवतं. १३/०४ ला ते एरर तरी देतं, कारण तेरावा महिना नसतो, पण ०३/०४ ला काहीच बोलत नाही, निमूट उलटं वाचतं. म्हणजे महिन्यातल्या पहिल्या बारा तारखा चुकीच्या महिन्यात जाऊन बसतात आणि बाकीच्या एररमध्ये. कॉलम हेडरवर राइट क्लिक करून चेंज टाइपमध्ये सगळ्यात खाली यूजिंग लोकेल आहे, तिथून फाइल ज्या पद्धतीच्या तारखांची आहे ती पद्धत निवडायची. एवढं केलं की फाइल कुणाच्याही लॅपटॉपवर उघडा, तारीख तीच राहते.

फोल्डरवरून फाइली घेणं हा अजून एक सुखाचा भाग, एक फोल्डर दाखवायचा, त्यातल्या सगळ्या फाइली पॉवर क्वेरी एकाखाली एक जोडून घेते, पुढच्या महिन्याची फाइल त्यात टाकली की रिफ्रेश दाबायचं. कॉपी पेस्ट करून मास्टर शीट बनवण्यात ज्यांचे महिन्याचे पहिले दोन दिवस जातात त्यांनी फक्त एवढ्यासाठी जरी हे शिकलं तरी पैसे वसूल, आणि पैसे तर लागतच नाहीत, डेस्कटॉप फुकट आहे.

मग येतं मॉडेल, म्हणजे टेबलं एकमेकांना कशी जोडायची याची रचना. इथे बहुतेकांचं घोडं अडतं. एक्सेलची सवय अशी की व्हीलुकअप मारून सगळं एकाच लांबलचक शीटमध्ये आणायचं, आणि लोक इथेही तेच करतात, चाळीस कॉलमचं एक टेबल लोड करतात आणि म्हणतात स्लो चालतं. याची रचना स्टार स्कीमासाठी केलेली आहे. मध्ये व्यवहारांचं टेबल, त्यात तारीख, प्रॉडक्ट कोड, कस्टमर कोड आणि आकडे एवढंच, आणि बाजूने प्रॉडक्टचं एक, कस्टमरचं एक, कॅलेंडरचं एक अशी छोटी टेबलं, आणि बाण छोट्यांकडून मधल्याकडे. हे एकदा नीट लावलं की बजेट आणि प्रत्यक्ष विक्री अशी दोन वेगळी टेबलंसुद्धा एकाच कॅलेंडरवर आणि एकाच प्रॉडक्ट लिस्टवर बसतात आणि एकाच चार्टमध्ये शेजारी शेजारी दिसतात, जे सपाट शीटमध्ये करायला गेलं की नाकी नऊ येतात. रिलेशनशिपमध्ये बोथ असा पर्याय दिसेल, दोन्ही बाजूंनी फिल्टर, तो काहीतरी अडलं म्हणून घाईत लावू नका. तेव्हापुरतं सुटतं, नंतर आकडे कुठून कुठे फिल्टर होतायत ते देवालाही कळत नाही.

कॅलेंडर टेबल स्वतःचं बनवा आणि त्याला मार्क ॲज डेट टेबल करा. सॉफ्टवेअरमध्ये ऑटो डेट टाइम नावाचं सेटिंग डीफॉल्ट चालू असतं, ते प्रत्येक तारखेच्या कॉलममागे एक लपलेलं कॅलेंडर तयार करतं. ऑर्डरची तारीख, डिस्पॅचची तारीख, बिलाची तारीख, पेमेंटची तारीख, झाली ना चार लपलेली टेबलं, आणि एखाद्या कॉलममध्ये कुणीतरी १९०० सालची तारीख टाकून ठेवली असेल तर १९०० पासून आजपर्यंतचे सगळे दिवस त्यात. ऑप्शन्समध्ये डेटा लोडखाली जाऊन ते बंद करायचं, फाइल बऱ्याचदा तिथल्या तिथे हलकी होते. आणि हो, महिने एप्रिल, ऑगस्ट, डिसेंबर असे इंग्रजी अक्षरांच्या क्रमाने लागले म्हणून घाबरू नका, महिन्याच्या नावाचा कॉलम निवडून सॉर्ट बाय कॉलममध्ये महिन्याचा नंबर द्या.

डॅक्सबद्दल, म्हणजे पॉवर बीआयच्या फॉर्म्युल्यांच्या भाषेबद्दल, लोक फार भीती घालतात. अर्धी खरी आहे. सम आणि डिव्हाइड एवढ्यावर बरंच काम निघतं, पण मेजर आणि कॉलम यातला फरक डोक्यात बसायलाच हवा. हे बघा, दोन बिलं आहेत. पहिल्यात विक्री १०० आणि नफा ५०, म्हणजे ५० टक्के. दुसऱ्यात विक्री ९०० आणि नफा ९०, म्हणजे १० टक्के. तुम्ही टक्क्यांचा कॉलम बनवला आणि चार्टमध्ये त्याची सरासरी घेतली तर येतात ३० टक्के. खरं मार्जिन किती, तर १४० भागिले १०००, म्हणजे १४ टक्के. मीटिंगमध्ये ३० आणि १४ मध्ये किती अंतर आहे ते वेगळं सांगायला नको. मेजर लिहिलं, नफ्याची बेरीज भागिले विक्रीची बेरीज, की ते रीजनला लावा, महिन्याला लावा, एका कस्टमरला लावा, दरवेळी बरोबरच येणार, कारण जे समोर फिल्टर झालंय त्यावर ते तिथल्या तिथे मोजतं. भागाकाराच्या चिन्हाऐवजी डिव्हाइड वापरा म्हणजे खाली शून्य आलं तर वेडंवाकडं काही न दिसता जागा कोरी राहते.

याच गुणाचा उलटा त्रास टोटलच्या ओळीत होतो. वेगवेगळे कस्टमर किती हे मोजलंत, जानेवारीत ४०, फेब्रुवारीत ४५, आणि खाली टोटल ६०. साहेब लगेच मोबाइलवर बेरीज करतात, ८५ पाहिजे म्हणतात, रिपोर्ट चुकलाय म्हणतात. चुकलेला नसतो, २५ जण दोन्ही महिन्यांत आलेले असतात, आणि टोटलची ओळ वरच्या ओळींची बेरीज करत नाही, ती स्वतःचं वेगळं मोजते. हे समजावून सांगायची तयारी ठेवा किंवा त्या टेबलात टोटल बंदच करा. मी बंद करते. वाद वाचतो.

मागच्या वर्षीशी तुलना करायला सेम पीरियड लास्ट इयर नावाचं फंक्शन आहे, एकदम सोपं, पण चालू महिना अर्धवट असेल तर ते यंदाचे बारा दिवस आणि गेल्या वर्षीचा अख्खा महिना समोरासमोर ठेवतं. चार्टवर लाल बाण खाली, सगळे घाबरलेले. त्यामुळे डेटा ज्या तारखेपर्यंत आलाय तिथपर्यंतच मागचं वर्षही कापायचं असं मेजरमध्ये लिहावं लागतं, किंवा कॅलेंडरमध्ये पूर्ण महिना की अर्धवट असा एक कॉलम ठेवून अर्धवट महिने तुलनेतून वगळायचे. दुसरा मार्ग सोपा. कॅल्क्युलेट हे फंक्शन मात्र नीट वेळ देऊन शिका, बाकीची अर्धी डॅक्स त्याच्याच भोवती फिरते. मार्को रूसो आणि आल्बेर्तो फेरारी या दोघांचं साहित्य या विषयात प्रमाण मानतात, त्यांची डॅक्स गाइड साइट फुकट आहे आणि फंक्शनांची उदाहरणं तिथे मिळतात.

आता चार्ट. कॅनव्हासवर टाकलं की काहीतरी दिसतं, पण डीफॉल्ट दिसणं फारच सरकारी. टायटल आपोआप येतं सम ऑफ सेल्स बाय रीजन, ते तसंच ठेवून लोक पब्लिश करतात, अरे निदान "रीजननुसार विक्री" तरी लिहा. फॉरमॅट पेनमध्ये इतके पर्याय झालेत की एका लेबलचा रंग बदलायला तीन ठिकाणी उघडझाप करावी लागते आणि सर्च बॉक्स नसता तर मी कधीच सोडून दिलं असतं. मॅट्रिक्स, म्हणजे पिव्हटसारखं टेबल, मात्र मला फार आवडतं, त्यात कंडिशनल फॉरमॅटिंगचे डेटा बार लावले की वाचणाऱ्याला आकडाही मिळतो आणि नजरेला उंचसखलही दिसतं, वेगळा चार्ट लागतच नाही बऱ्याचदा. स्मॉल मल्टिपल्स पण सुंदर, एकाच चार्टचे रीजनवार छोटे छोटे तुकडे एकाच स्केलवर, एका लाइन चार्टमध्ये आठ रंगाच्या रेषांचा गुंता करण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

पाय चार्ट आणि गेज (गाडीच्या स्पीडोमीटरसारखा अर्धगोल) यांचा मोह आवरा. १९८४ मध्ये क्लीव्हलंड आणि मॅकगिल या दोघांनी प्रयोग करून दाखवलं होतं की माणूस एकाच रेषेवरची उंची अचूक ओळखतो पण कोनांची तुलना करताना चुकतो, म्हणजे दोन बारमधला फरक लगेच कळतो, पायच्या २२ आणि २५ टक्क्यांच्या दोन फोडी मात्र सारख्याच वाटतात. मग लोक फोडींवर टक्के लिहितात, म्हणजे शेवटी वाचायचे आकडेच ना, मग टेबल काय वाईट होतं. गेज तर पानाचा पाव भाग खाऊन एकच आकडा सांगतो.

ज्याच्यासाठी सगळा खटाटोप तो इंटरॲक्टिव्ह भाग, यात पॉवर बीआय जोरात आहे पण डीफॉल्टवर सोडलं तर गोंधळात टाकतं. पानावर तीन चार्ट ठेवा, एका बारवर क्लिक करा, बाकीचे दोन आपोआप बदलतात, हे फुकटात मिळतं, काही लिहावं लागत नाही. पण कसे बदलतात ते बघा. बार चार्ट हायलाइट होतो, म्हणजे जुना बार फिका राहतो आणि त्याच्या आत निवडलेला भाग गडद दिसतो. लाइन चार्टला हे जमत नाही, तो सरळ फिल्टर होतो. म्हणजे एकाच क्लिकने पानावरचे दोन चार्ट दोन वेगळ्या भाषा बोलायला लागतात, आणि पाहणाऱ्याला वाटतं काहीतरी बिघडलं. फॉरमॅट मेन्यूत एडिट इंटरॲक्शन्स आहे, ते चालू करून प्रत्येक चार्टवर ठरवायचं, फिल्टर, हायलाइट की काहीच नाही. मी बहुतेक सगळीकडे फिल्टर ठेवते आणि वरच्या कार्डांपैकी (एकेक आकडा दाखवणारे चौकोन) कंपनीच्या एकूण आकड्याला काहीच नाही, म्हणजे खाली कितीही क्लिक केलं तरी तो एक आकडा हलत नाही आणि तुलना करायला काहीतरी स्थिर राहतं. हे काम कंटाळवाणं आहे, दहा व्हिज्युअल असतील तर जोड्या किती होतात मोजा, पण हेच न करता दिलेला रिपोर्ट कुणी दुसऱ्यांदा उघडत नाही.

ड्रिलथ्रू सगळ्यात उपयोगी आणि सगळ्यात कमी सापडणारं फीचर आहे. कस्टमरवर राइट क्लिक, त्या कस्टमरचं वेगळं पान उघडतं, त्याची सगळी बिलं, सगळी येणी. पण राइट क्लिक करायचं हे सांगणार कोण? मॅनेजर लोक राइट क्लिक करत नाहीत. म्हणून ड्रिलथ्रूचं बटण ठेवता येतं, एखादी ओळ निवडली की ते पेटतं, ते ठेवाच. टूलटिप पान पण छान, माउस नेला की छोटा चार्ट उघडतो. फक्त मोबाइलवर माउस नसतो हे लक्षात असू द्या, महत्त्वाचं काही टूलटिपमध्ये लपवू नका.

बुकमार्क (पानाची त्या क्षणाची जपून ठेवलेली स्थिती) आणि बटणं वापरून लोक रिपोर्टला ॲपसारखं करायला जातात, सरकणारे मेन्यू, एकावर एक ठेवलेले चार्ट, आणि मग एक चार्ट बदलला की वीस बुकमार्क पुन्हा अपडेट. एकाच चार्टमध्ये विक्री बघायची की नफा बघायचा एवढंच हवं असेल तर फील्ड पॅरामीटर २०२२ पासून आहेत, एक स्लायसर (पानावरचा क्लिक करायचा फिल्टर) आणि काम खलास, बुकमार्कची गरजच नाही. स्लायसरही मोजकेच ठेवा. पानावर बारा स्लायसर म्हणजे रिपोर्ट बनवणाऱ्याने ठरवलंच नाही की प्रश्न काय आहे, सगळं वाचणाऱ्यावर ढकललं. एक ना धड भाराभर चिंध्या.

स्पीडबद्दल फार तक्रारी ऐकू येतात. आतलं इंजिन डेटा कॉलमवार दाबून मेमरीत ठेवतं, एकाच कॉलममध्ये वेगवेगळी मूल्यं जितकी कमी तितका तो छोटा. म्हणून तारीख आणि सेकंदापर्यंतची वेळ एकाच कॉलममध्ये असेल तर तो कॉलम एकटाच फाइल फुगवतो, दोन वेगळे करा, किंवा वेळ लागतच नसेल तर टाकून द्या. कुठला चार्ट किती वेळ खातोय हे परफॉर्मन्स ॲनालायझर मिलीसेकंदात दाखवतो, आणि डॅक्स स्टुडिओ हे फुकट टूल लावलं की कुठला कॉलम किती जागा खातोय तेही कळतं. डायरेक्टक्वेरी, म्हणजे डेटा न उचलता दरवेळी डेटाबेसला विचारणं, हे ऐकायला भारी वाटतं पण प्रत्येक क्लिकला प्रत्येक चार्ट क्वेरी सोडतो, डेटाबेस दणकट नसेल तर सगळे ताटकळत बसतात. अगदी ताजाच डेटा हवा असं खरंच काही कारण असेल तरच त्या वाटेला जा, एरवी इम्पोर्ट, म्हणजे डेटा उचलून आत ठेवणं.

बनवून झालं, आता दुसऱ्याला दाखवायचं. फुकटचा आनंद इथे संपतो. डेस्कटॉपमध्ये एकट्याने काहीही करा, पण पब्लिश करायला ऑफिसचा किंवा शाळा-कॉलेजचा ईमेल लागतो, जीमेल चालत नाही, त्यामुळे घरी शिकणारे आणि स्वतःचं काम करणारे इथे अडकतात. शेअर करायचं तर प्रो नावाचं पैसे देऊन घ्यायचं लायसन्स, आणि ते बनवणाऱ्याकडेच नाही, बघणाऱ्याकडेही हवं, जर कंपनीने मोठी कपॅसिटी, म्हणजे माणशी लायसन्सऐवजी अख्ख्या कंपनीसाठी सर्व्हरची ताकद, घेतलेली नसेल तर. पन्नास जण बघणार असतील तर पन्नास लायसन्स. हे विकत घेण्याआधी नीट समजून घ्या कारण "डेस्कटॉप फ्री आहे" एवढंच ऐकून सुरुवात केलेली असते आणि बिल नंतर येतं.

प्रोमध्ये दिवसात ८ वेळा शेड्युल्ड रिफ्रेश, त्याच्या वरच्या प्रीमियममध्ये ४८. मॉडेलची मर्यादा प्रोला १ जीबी, पण दाबून ठेवलेल्या डेटाचा १ जीबी म्हणजे साध्या कामाला पुष्कळ होतो. फाइल जर ऑफिसच्या कॉम्प्युटरवर किंवा सर्व्हरवर असेल तर मध्ये गेटवे, म्हणजे तिथला डेटा ऑनलाइन पोचवणारा प्रोग्राम, बसवावा लागतो, आणि तो ज्या मशीनवर आहे ते मशीन चालू पाहिजे, लॅपटॉप बंद करून घरी गेलात की रिफ्रेश गेला. चार वेळा लागोपाठ फेल झाला की शेड्यूल आपोआप बंद पडतं, आणि मग कुणाच्या लक्षात येईपर्यंत रिपोर्ट जुनेच आकडे आत्मविश्वासाने दाखवत राहतो. म्हणून पानाच्या कोपऱ्यात "डेटा कधीपर्यंतचा" हे कार्ड ठेवायचंच. फाइली शेअरपॉइंटवर, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन फाइल-साठ्यात, ठेवल्या तर गेटवेची भानगडच नाही.

सिक्युरिटीत दोन गोष्टी मनाशी पक्क्या करून घ्या. रो लेव्हल सिक्युरिटी, म्हणजे ज्याला त्याला त्याच्याच रीजनचा डेटा, ही फक्त व्ह्यूअर लोकांना, म्हणजे ज्यांना नुसतं बघायची परवानगी आहे त्यांना लागू होते. वर्कस्पेसमध्ये (रिपोर्ट ठेवायची सामायिक जागा) कुणाला कॉन्ट्रिब्युटर किंवा मेंबर केलंत की त्याला सगळं दिसतं, रोल कितीही नीट लिहिलेला असो. आणि पब्लिश टू वेब नावाचं जे गोजिरवाणं बटण आहे ते खरोखर अख्ख्या जगाला दाखवतं, लिंक ज्याच्या हाती लागेल तो लॉगिन न करता बघतो. पगाराचा रिपोर्ट तिथून शेअर करणारे महाभाग असतात. पान लपवणं म्हणजे सिक्युरिटी नाही हे पण त्यातच आलं.

दुसरं काय घेता येईल? मॅकवाल्यांना डेस्कटॉप चालतच नाही, ब्राउझरमध्ये थोडंफार करता येतं नाहीतर विंडोज वेगळं चालवा, त्यापेक्षा टॅब्लो बरं. टॅब्लो स्टॅनफर्डमधल्या संशोधनातून २००३ मध्ये निघालं आणि ते जाणवतं, डेटाशी खेळत खेळत चार्ट सापडणं जे म्हणतात ते तिथेच, एक फील्ड ओढलं, इकडे टाकलं, तिकडे टाकलं, डोळ्यांना जे दिसतं ते बारकाईने घडवता येतं. ज्यांचं काम मुख्यतः शोधणं आणि सुंदर मांडणं आहे त्यांना मी टॅब्लोच सांगेन, पण डेटाची साफसफाई आणि मेजरची एकवाक्यता यात मला पॉवर बीआय पुढे वाटतं. गुगलचं लुकर स्टुडिओ, २०२२ पर्यंत ज्याला डेटा स्टुडिओ म्हणायचे, फुकट आहे आणि लिंक पाठवली की झालं, एखाद्या छोट्या टीमचा डेटा जर गुगल शीटमध्येच राहत असेल तर ते बास आहे, फक्त टेबलं जोडायला लागलात की दम निघतो. आणि रिपोर्ट बघणारे चारच जण असतील, डेटा काही हजार ओळींचा असेल तर एक्सेलची पिव्हट आणि स्लायसर काय वाईट आहेत, स्लायसर २०१० पासून आहेत तिथे. उगाच तोफ कशाला आणायची.

अपडेट जवळजवळ दर महिन्याला येतात. चांगलं आहे, पण ट्युटोरियलमधलं बटण तुमच्या स्क्रीनवर त्याच जागी सापडेल याची खात्री नाही, पूर्वी ज्याला डेटासेट म्हणायचे त्याला २०२३ पासून सिमँटिक मॉडेल म्हणतात, जुना व्हिडिओ बघताना तेवढं मनात बदलून घ्या. कोपायलटचं, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या एआय मदतनिसाचं, फार विचारतात लोक, त्याला पेड कपॅसिटी लागते, आणि मॉडेलमध्ये कॉलमची नावं कॉलम१, कॉलम२ अशी ठेवलेली असतील तर तो तरी काय करणार.

आणि शेवटी तो प्रश्न येतोच, कितीही मेहनतीने सगळं क्लिकेबल करून द्या, पहिल्या मीटिंगनंतर कुणीतरी विचारणारच की हे एक्सेलमध्ये मिळेल का. मिळतं. चार्टच्या कोपऱ्यातल्या तीन टिंबांवर एक्स्पोर्ट डेटा आहे, एक्सेलमध्ये दीड लाख ओळी आणि सीएसव्हीत ३० हजार ओळी ही मर्यादा. रुसून बसू नका, ॲनालाइज इन एक्सेल दाखवा, त्याने पब्लिश केलेल्या मॉडेललाच जोडलेली पिव्हट टेबल उघडते, म्हणजे त्यांना त्यांचं एक्सेल मिळतं आणि मार्जिनचा फॉर्म्युला तुम्ही लिहिलेलाच राहतो. मला तर अकाउंट्सच्या लोकांना रिपोर्टची पानं बनवून देण्यापेक्षा हेच देणं जास्त सोयीचं वाटायला लागलंय, पानं वरच्या साहेबांसाठी, आणि तीही दोन-तीनच.